धरणावर शिडाच्या बोटींची रेगाटा घ्यायची तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पवना धरणावर वीस-पंचवीस बोटींचा छोटा क्लब, त्यात एंटरप्राइज आणि लेझर या छोट्या शिडाच्या बोटी आणि मुलांच्या ऑप्टिमिस्ट. मार्चमध्ये दोन दिवसांची रेगाटा, म्हणजे शर्यतींची स्पर्धा, घ्यायची आहे. मागच्या वर्षी पहिल्याच मार्कवर, म्हणजे वळायच्या बोयावर, लेझर आणि एंटरप्राइजची टक्कर झाली. ‘मागून येऊन धडकला’ म्हणून समितीने एंटरप्राइजला बाद केलं, आणि ते भांडण क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून चालू आहे. म्हणून या वर्षी क्लबने स्वतःची नियमावली लिहायला घेतली. मसुदा अकरा पानांवर गेलाय. तो बघून मत द्या, असं विचारलंय.

मत एका वाक्यात देतो: मसुदा बाजूला ठेवा.

राग मानू नका. मीही एकदा अशी नियमावली लिहिली होती आणि पहिल्याच दिवशी दुपारी तिच्यातल्या दोन कलमांचं आपापसात जुळेना. पाण्यावरचे नियम तयार आहेत. वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संघटना दर चार वर्षांनी रेसिंग रूल्स ऑफ सेलिंग हे नियमांचं पुस्तक काढते, सध्याची आवृत्ती २०२५ ते २०२८ ची आहे, इंटरनेटवर फुकट मिळते. ऑलिंपिकला तीच, तुमच्या पवनेलाही तीच. तुम्ही लिहायचे कागद फक्त दोन. पहिला नोटीस ऑफ रेस: कोण, कधी, कोणत्या क्लासच्या, म्हणजे प्रकारच्या, बोटी, फी किती, किती शर्यती. दुसरा सेलिंग इन्स्ट्रक्शन्स: कोर्स कसा, झेंडा कुठला, वेळमर्यादा किती, प्रोटेस्टचा, म्हणजे तक्रारीचा, कागद कुठे द्यायचा. दोन्ही मिळून चार पानं झाली तर ती मला जास्तच वाटतील. मूळ पुस्तकातला नियम स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा मोह टाळा. तुमचा शब्द आणि पुस्तकातला शब्द यांच्यात जी फट पडते, तिच्यातूनच वकिली आत शिरते.

आता त्या टकरीचं बघू. ती निकालात निघाल्याशिवाय तुमचा क्लब पुढे सरकणार नाही.

तुमच्या वर्णनाप्रमाणे एंटरप्राइज स्टारबोर्डवर होती, म्हणजे वारा उजवीकडून, बूम (शिडाखालची आडवी दांडी) डावीकडे, आणि ती सरळ मार्कवर चालली होती. मार्क डावीकडे ठेवून वळायचा होता. लेझर पोर्टवरून, म्हणजे वारा डावीकडून घेत आली, मार्कपासून दोन बोटलांबीवर एंटरप्राइजच्या पुढ्यात टॅक मारला, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून बाजू बदलली, आणि मार्ककडे निघाली. एंटरप्राइजवाल्याने नाक वाऱ्याकडे चढवलं, तरी लेझरच्या मागच्या कोपऱ्याला ते लागलंच. समितीने पाहिलं की मागची बोट पुढच्याला धडकली. एक्सप्रेस वेवर हा न्याय चालेल. पाण्यावर नाही.

मार्कच्या भोवती तीन बोटलांबीच्या वर्तुळाला झोन म्हणतात. झोनमध्ये पोर्टवरून स्टारबोर्डवर टॅक मारून जो मार्ककडे निघतो, त्याच्यावर अठराव्या नियमात खास बंधन आहे. झोनमध्ये शिरल्यापासून जो स्टारबोर्डवरच आहे, त्याला टक्कर टाळण्यासाठी क्लोज-हॉल्डच्या, म्हणजे शीड भरलेलं ठेवून वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येतं त्या दिशेच्या, वर चढायला लावायचं नाही. लेझरने नेमकं तेच करायला लावलं. चूक लेझरची. मागच्याने पुढच्यापासून दूर राहावं असा बारावा नियम आहे खरा, आणि तुमच्या समितीतल्या कोणाच्या तरी डोक्यात तोच असणार. पण पुढे असण्याचा हक्क दुसऱ्याच्या पुढ्यात उडी मारून मिळवला, तर आधी त्याला बाजूला व्हायला जागा द्यावी लागते. तो पंधरावा नियम. एंटरप्राइजने टाळायचा प्रयत्न केला, तिच्यावर ही वेळ लेझरच्या चुकीमुळे आली, नुकसान काही नाही. ती सुटते. लेझरने लगेच इतरांपासून बाजूला जाऊन दोन गिरक्या घ्यायच्या होत्या, प्रत्येक गिरकीत एक टॅक आणि एक जाइब (बोटीची मागची बाजू वाऱ्यातून फिरवणं). गिरक्या घेतल्या की तिथल्या तिथे हिशेब चुकता, कोणाच्या मनात काही राहत नाही.

यातली मोठी गैरसमजूत अशी की ‘मार्कवर आतल्या बोटीला जागा मिळते’ हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मिळते, पण वाऱ्याविरुद्ध चढताना समोरासमोर, एक पोर्टवर आणि एक स्टारबोर्डवर येत असतील तर त्या दोघांत मार्क-रूमचा, म्हणजे मार्कवरच्या या जागेचा, नियम लागूच होत नाही. तिथे साधा दहावा नियम: पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. मार्क दिसला की पोर्टवाला ‘रूम, रूम’ ओरडत येतो, आणि नवखा स्टारबोर्डवाला बिचारा देतोही. शुक्रवारी संध्याकाळी ब्रीफिंग घ्याल तेव्हा एवढी एक गोष्ट मराठीत, टेबलावर दोन काडेपेट्या ठेवून दाखवा. बाकीचं पुस्तक नाही वाचलं तरी दोन दिवस निभावतात.

आणि बाद करायचा अधिकार त्या वेळी तुमच्या रेस कमिटीला नव्हताच. शिडाच्या शर्यतीत शिट्टी मारणारा पंच नसतो. ज्याला अन्याय वाटला त्याने लगेच, त्याच क्षणी ‘प्रोटेस्ट’ असं ओरडून सांगायचं. सहा मीटरच्या आतल्या बोटीला लाल झेंडा लावावा लागत नाही, म्हणजे तुमच्या सगळ्याच बोटी सुटल्या. मग किनाऱ्यावर वेळेत लेखी द्यायचं. प्रोटेस्ट कमिटी दोघांना समोरासमोर बसवते, साक्षीदार ऐकते, आधी काय घडलं ते ठरवते आणि नंतर कोणता नियम मोडला ते. हा क्रम उलटा झाला की सुनावणीची पंचायत होते. मी सुनावणीला बसलो की कोरा कागद दोघांच्या मध्ये सरकवतो आणि म्हणतो, आधी वाऱ्याचा बाण काढा. निम्मी भांडणं त्या बाणावरच संपतात, कारण दोघांच्या डोक्यात वारा वेगवेगळ्या बाजूने येत असतो. कमिटीत तीन माणसं बसवा, त्यातलं एखादं बाहेरच्या क्लबचं असलं तर सोन्याहून पिवळं. ज्याचा मुलगा शर्यतीत आहे त्याने त्या टेबलाशी बसायचं नाही, चहासुद्धा आणून द्यायचा नाही.

आता वारा. धरणावरच्या रेगाटाचा नव्वद टक्के घोळ तिथे होतो.

मार्चमध्ये पवनेवर सकाळी पाणी आरशासारखं असतं. तुंगचं प्रतिबिंब अख्खं दिसतं, फोटोवाले खूश होतात. आपण नाही. दुपारी घाटावरून पश्चिमेचा वारा चढून येतो आणि मग चार-पाच तास बरा खेळतो. माझ्या पहिल्या रेगाटाला मी पहिली शर्यत सकाळी नऊला लावली होती. सव्वादहापर्यंत बोटी तरंगत होत्या, पोरं बोटीत उभी राहून डोलवत पुढे सरकत होती, आणि ते नियम बेचाळीसमध्ये, म्हणजे बोट फक्त वाऱ्या-पाण्यावर चालवायच्या नियमात, बसत नाही म्हणून मी ओरडत होतो. शेवटी सगळ्यांना दोर बांधून परत ओढून आणलं. तेव्हापासून माझा पहिला इशारा बाराच्या आत कधी नसतो. सकाळी नाश्ता, बोटींची तपासणी, लहान मुलांना कोर्सचं चित्र समजावणं. घाई करू नका.

डोंगरांमधला वारा सरळ येत नाही. तिकोना, तुंग, लोहगड यांच्या सोंडांना वळसे घालत येतो, वीस-तीस अंश इकडेतिकडे हलतो, मध्येच पाच मिनिटं मरतो. म्हणून कोर्स लहान ठेवा. वाऱ्याविरुद्ध एक मार्क, वाऱ्याखाली एक मार्क, दोन फेऱ्या. पहिली बोट चाळीसेक मिनिटांत आली पाहिजे. वेळमर्यादा नव्वद मिनिटं, आणि पहिली बोट आल्यावर बाकीच्यांना वीस मिनिटं. मार्क कायमचे टाकून ठेवू नका, रेस्क्यू बोटीत घेऊन फिरा आणि वारा बघून टाका. पहिला टप्पा वाऱ्याविरुद्ध नसेल तर ती शर्यत नाही, पालखी आहे: सगळे एका रांगेत आणि ज्याने पहिला नंबर धरला तोच शेवटपर्यंत. वारा फार फिरला, चाळीस-पन्नास अंश, तर ‘एन’ची निळी-पांढरी चौकडी चढवा, शर्यत रद्द करा आणि नव्याने मांडा. पुढे असलेला चिडेल. चिडू द्या.

तळाचाही विचार करा. धरणाच्या पोटात जुनी झाडं, बांध, घरांचे चौथरे आहेत. नांगर अडकला की दिवस वाया, म्हणून नांगराच्या दुसऱ्या टोकाला बारीक दोर बांधून त्याला छोटा बोया लावा, उलट्या बाजूने ओढला की सुटतो. पाणी उतरत जातं तसं वाघेश्वराचं मंदिर वर यायला लागतं. ते पूर्ण वर आलं की सगळ्यांना दिसतं. धोका त्याच्या आधी, दगड पाण्याखाली वीतभर असतात तेव्हा. आदल्या आठवड्यात गावातल्या मच्छीमाराला बरोबर घेऊन एक चक्कर मारा आणि असे भाग सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये ‘अडथळा’ म्हणून चित्रावर दाखवा. अडथळा जाहीर केला की तिथे जागा मागायचा आणि द्यायचा नियम आपोआप लागू होतो.

मच्छीमारांचा विषय निघालाच आहे तर, जलसंपदा खात्याची लेखी परवानगी आणि पोलिसांना कळवणं हे सगळे सांगतीलच. त्याच्या इतकंच महत्त्वाचं म्हणजे मच्छीमार सोसायटीच्या लोकांना जाऊन भेटणं. त्यांची जाळी पाण्यात असतात, वर फक्त थर्माकोलचा तुकडा किंवा बिसलेरीची रिकामी बाटली तरंगते. त्यात सेंटरबोर्ड (बोटीच्या तळातून खाली जाणारी फळी) अडकला तर तुमची शर्यत जाते आणि त्यांचं जाळं जातं. त्याची किंमत त्यांच्या घरात कळते. दोन दिवसांपुरती जाळी कुठे टाकणार ते त्यांनाच विचारा, कोर्स त्याच्या बाजूला मांडा. त्यांच्यापैकी दोघांना रेस्क्यू बोटीवर रोजंदारीने घेतलंत तर तुमच्या मंडळींपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल.

स्टार्ट. इथे तांत्रिक होतो, कारण चुका इथेच होतात.

समजा एंटरप्राइज आणि लेझर मिळून १८ बोटी आहेत. सरासरी ४ मीटर धरा, ७२ होतात, त्याच्या दीडपट म्हणजे साधारण ११० मीटर लांब स्टार्ट लाइन घ्या. वाऱ्याकडे तोंड केलंत की उजव्या टोकाला कमिटी बोट, डाव्या टोकाला पिनचा बोया. लाइन वाऱ्याला काटकोनात, पिनची बाजू किंचित पुढे, पाचेक अंश. नाहीतर सगळे कमिटी बोटीवर येऊन चढतात. पाच मिनिटं आधी क्लासचा झेंडा, चार मिनिटांना ‘पी’, एक मिनिट उरलं की ‘पी’ खाली, शून्याला क्लासचा झेंडा खाली. ‘पी’ म्हणजे निळ्यावर पांढरा चौकोन. शर्यत छोटी करायचा ‘एस’ म्हणजे पांढऱ्यावर निळा चौकोन. हे दोन घाईत उलटेपालटे चढतात, माझ्या बोटीवर चढलेत. म्हणून झेंडे काठ्यांना आधीच बांधून ठेवा, काठीच्या टोकाला जाड मार्करने अक्षर लिहा.

धरणावरची खास गंमत म्हणजे प्रतिध्वनी. हॉर्न वाजला की समोरचा डोंगर तो परत वाजवतो. लाइन आधी ओलांडलेल्या एखाद्याला परत बोलवायचं असेल तर ‘एक्स’ झेंडा आणि एक हॉर्न. सगळ्यांनाच परत बोलवायचं तर फर्स्ट सब्स्टिट्यूटचा झेंडा आणि दोन हॉर्न. आता तुम्ही एक वाजवलात आणि डोंगराने दुसरा दिला, तर निम्म्या बोटी परत फिरतात, निम्म्या पुढे जातात आणि संध्याकाळी रिड्रेसचे, म्हणजे कमिटीच्या चुकीची भरपाई मागणारे, अर्ज येतात. नियम स्पष्ट आहे, वेळ झेंड्यावरून धरायची, आवाज झाला-न-झाला सोडून द्यायचा. पण हे ब्रीफिंगमध्ये सांगितलंत तरच उपयोग. घड्याळ धरणारा माणूस वेगळा, झेंडे ओढणारा वेगळा, लाइनवर डोळा लावून नंबर बोलणारा तिसरा आणि तो बोलतो ते लिहून घेणारा चौथा. बोलणाऱ्याच्या तोंडाशी मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा. आणखी एक, २०२१ पासून लाइन ओलांडली का हे फक्त बोटीच्या हलवरून, म्हणजे मूळ सांगाड्यावरून, ठरतं. कोणाचा हात किंवा बूम पुढे गेला म्हणून तो आधी गेला असं होत नाही. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे.

झेंडा सेकंदभर जरी चुकला आणि तुम्हाला तो चुकल्याचं कळलं, तर दडपून नेऊ नका. स्टार्ट व्हायच्या आधी असेल तर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एपी, म्हणजे स्टार्ट पुढे ढकलल्याचा झेंडा, चढवा, नंतर असेल तर सगळ्यांना परत बोलवा. पाच मिनिटं जातील, पण संध्याकाळचा अर्ज वाचेल.

दोन वेगळ्या क्लासच्या बोटी एकत्र पळवणार का? तुमच्याकडे बोटी थोड्या म्हणून पळवाव्या लागतील. मग ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची पोर्ट्समथ यार्डस्टिक वापरा. प्रत्येक क्लासला एक आकडा असतो, लागलेल्या सेकंदांना हजारने गुणून त्या आकड्याने भागायचं. समजा लेझरचा आकडा ११०० आणि एंटरप्राइजचा ११२० धरला. लेझर ४१ मिनिटं ५० सेकंदांत आली, म्हणजे २५१०. एंटरप्राइज ४० सेकंद मागून, २५५०. भागाकार केला की लेझरचे २२८२ आणि एंटरप्राइजचे २२७७. एंटरप्राइज पाच सेकंदांनी पुढे. हे गणित किनाऱ्यावर फळ्यावर सगळ्यांसमोर करा, लॅपटॉपमध्ये लपवून नको. ऑप्टिमिस्ट मात्र यात घालू नका. सव्वादोन मीटरची बोट, पंधरा वर्षांपर्यंतची मुलं. त्यांची स्टार्ट वेगळी, कोर्स अर्धा, आणि एक रेस्क्यू बोट फक्त त्यांच्यासाठी.

गुण सोपे: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, कमी गुणवाला जिंकतो. जो आलाच नाही, पोहोचला नाही किंवा बाद झाला, त्याला एकूण नोंदलेल्या बोटींपेक्षा एक जास्त. दोन दिवसांत सहा शर्यती ठरवा. चार झाल्या की प्रत्येकाची सगळ्यात वाईट एक वगळा, चारपेक्षा कमी झाल्या तर काही वगळू नका. हे नोटीस ऑफ रेसमध्ये स्पष्ट लिहा, कारण न लिहिलंत तर पुस्तकाप्रमाणे एक वगळावीच लागते.

सुरक्षेबद्दल मी कडवा आहे. लाइफ जॅकेट पाण्यात पाय घातल्यापासून बाहेर येईपर्यंत, फक्त शर्यतीपुरतं नाही. हे सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहा आणि पालकांनाही लागू करा. दर आठ बोटींमागे एक रेस्क्यू बोट, मोटर फोर-स्ट्रोक, कारण हे पाणी पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला जातं. किनाऱ्यावर खिळे ठोकलेली एक फळी ठेवा. प्रत्येक खलाशाचा नंबर लिहिलेला बिल्ला त्यावर, पाण्यात जाताना बिल्ला गळ्यात, परत आला की खिळ्यावर. संध्याकाळी एक जरी खिळा रिकामा असेल तर कोणी जेवायला बसत नाही. एकदा अख्खा क्लब पाऊण तास शोधत होता आणि पोरगा मामाच्या गाडीत बिल्ला घालून झोपला होता. हसलो सगळे, पण पुढच्या वर्षी नियम आणखी कडक केला. भिंतीजवळचा आणि दरवाजांजवळचा भाग बंद ठेवा. बोटी जिथे जुळवता आणि उतरवता, तिथे वर विजेच्या तारा आहेत का ते आजच जाऊन बघा. मास्ट, म्हणजे डोलकाठी, ॲल्युमिनियमचा असतो, आणि बोट ढकलत नेताना वर कोणी बघत नाही. एप्रिलकडे तारीख ढकलू नका, वळवाचे ढग दुपारी तुमच्या वाऱ्याबरोबरच येतात.

शेवटी तुम्ही विचारलंय की ‘धरणावरच्या रेगाटाला काही दर्जा असतो का, की समुद्रावरचीच खरी?’ हैदराबादला हुसेनसागरावर दर पावसाळ्यात सेलिंग वीक होतो, देशभरातले लेझरवाले तिथे जातात, आणि तोही बांध घालून केलेला तलाव. हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली नेहा ठाकूरने मुलींच्या इल्का-फोरमध्ये रौप्य मिळवलं, ती शिकली भोपाळच्या बड्या तलावावर. इल्का म्हणजे तुमची लेझरच, नाव बदललंय. लहरी वाऱ्यात वाढलेल्यांना वाऱ्याचा बदल लवकर दिसतो, असं माझं निरीक्षण आहे.

बक्षीस समारंभ प्रोटेस्टची मुदत संपल्यावरच ठेवा, पाहुण्यांना परत जायची कितीही घाई असली तरी. आणि मागच्या वर्षीच्या त्या एंटरप्राइजवाल्याला या वेळी प्रोटेस्ट कमिटीत घेऊ नका, लेझरवाल्यालाही नको. दोघांना मिळून ऑप्टिमिस्टच्या रेस्क्यू बोटीवर बसवा.